ऊना ट्रेगेन्झाचे वरचे दात

ऊना ट्रेगेन्झाच्या समोरच्या दोन दातांचं जन्मात कधी पटलं नाही. एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला, आणि मधे एवढी फट की आगकाडी सहज आरपार जावी. त्या फटीतून ती शिट्टी घालायची. साधीसुधी नव्हे. वॅलाम नदीच्या पलीकडे डेस पॉलिनीच्या गाई चरायच्या थांबून मान वर करायच्या, अशी. शाळेत असताना या शिट्टीपायी बाईंनी तिला तीनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं आणि तिन्ही वेळा तिने बाहेरून शिट्टी घातली होती.

पुढे ती शिक्षिका व्हायला शहरात गेली. दोन सत्रं झाली आणि वडील घोड्यावरून पडले, खुबा मोडला. "महिनाभर येते," असं सांगून ऊना घरी आली. त्या महिन्याला यंदा पंचेचाळीस वर्षं झाली. लग्नाचं म्हणाल तर दोघांनी विचारलं होतं. एकाला शेणाचा वास सोसेना, दुसऱ्याला कुत्रा चावला. ऊनाने कुत्रा ठेवला.

आता ती सहासष्ट वर्षांची होती. शहाऐंशी गाई, त्यांची वासरं, दोन वळू आणि एक भाऊ, एवढा तिचा संसार. भाऊ म्हणजे मर्व्ह, तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा. बायको वारल्यावर तो बहिणीकडे राहायला आला. दोन्ही गुडघे बदललेले, त्यामुळे त्याचं काम गाडी चालवणं, फाटकं उघडणं आणि नावं ठेवणं. तिसरं काम तो मन लावून करी.

खरा कामाचा गडी स्पड. केल्पी जातीचा कुत्रा, तांबूस, अंगापेरानं फार नाही. जन्मला तेव्हा बटाट्यासारखा गोल होता म्हणून बटाट्याचंच नाव पडलं. स्पड भुंकत नसे, गुरांच्या पायांना चावत नसे. लांबून वळसा घालून कळपाच्या पलीकडे जायचं, पोट जमिनीला लावायचं आणि नुसतं बघायचं. त्या बघण्यापुढे सहाशे किलोची गाय सुद्धा पाऊल मागे घेई. मग तो कळप हळूहळू ऊनाकडे आणायचा. त्याच्या रक्तातच ते होतं: गुरं दिसली की ती मालकिणीच्या पायाशी आणून घालायची.

बाकीचं ऊनाची शिट्टी बघे. दोन तोकड्या म्हणजे डावीकडे, एक चढती म्हणजे उजवीकडे, लांब उतरती म्हणजे बस खाली. टेकाडावरच्या फाटकापाशी उभं राहून, दोन्ही हात खिशात घालून, शिट्टीच्या नादात चार पावलं इकडेतिकडे करत ती खालच्या अख्ख्या कुरणातली गुरं हलवी. बघायला शेजारीपाजारी पाहुणे घेऊन येत. ऊना पाहुण्यांकडे ढुंकून बघत नसे, पण त्या दिवशी शिट्ट्या जरा जास्त घाली, हे मर्व्हच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना मर्व्हच्या मुलीचं, टेगनचं, लग्न ठरलं. आणि ऊनाच्या हिरड्या सुजल्या.

दातांच्या डॉक्टरने तोंडात डोकावून सांगितलं, "वरचे सगळे गेलेत. काढू, आणि लगेच कवळी बसवू."

"लग्न पंधरा दिवसांवर आलंय," ऊना म्हणाली.

"मग तर फारच छान! फोटोत सुंदर दिसाल."

सुंदर दिसण्याचा विचार ऊनाने एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास सोडून दिला होता. पण टेगनने गळ्यात हात टाकले. "आत्या, माझ्यासाठी. एकदाच तोंड उघडून हास ना फोटोत." आईवेगळी पोर, ऊनाच्याच हाताखाली वाढलेली. ऊना हो म्हणाली.

कवळी आली. पांढरीशुभ्र, सरळ, एका मापाची, भिंतीला फरश्या लावाव्यात तशी. मर्व्हने चष्मा लावून तिचं तोंड नीट पाहिलं.

"काय वाटतं?" ऊनाने विचारलं.

"घोडा म्हणून विकायला काढलं तर तीन वर्षं वय कमी सांगता येईल."

"मेल्या, तुझे गुडघे तरी तुझे आहेत का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वळूंना बाहेर काढायला गेली. स्पडला लांब पाठवलं, जीभ जागेवर लावली आणि शिट्टी घातली.

फुस्स.

सायकलच्या चाकातली हवा जावी, तसं. तिने पुन्हा दम घेतला. फुस्स. पलीकडे स्पड उभा राहिला. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं, की ही आपल्याशीच बोलते आहे का आणखी कुणाशी. मर्व्ह गाडीच्या टपाला धरून हसला, उचकी लागेपर्यंत हसला. ऊनाने कवळी काढून पाहिलं. आता तर दातही नाहीत नि फटही नाही. नुसती थुंकी उडाली.

चार दिवस तिने सगळे उपाय केले. दोन बोटं तोंडात घालून पाहिली. कवळी उडून गुरांच्या हौदात पडली आणि ती हात घालून काढेपर्यंत एका कालवडीने तिला चाटून घेतलं. डेस पॉलिनीने आपली पत्र्याची शिट्टी आणून दिली. तिचा आवाज ऐकताच स्पड गाडीखाली जाऊन बसला, तो जेवायच्या वेळेलाच बाहेर आला. तोंडाने हाका मारून पाहिल्या, तर 'स' म्हणायला गेलं की कवळी पुढे सरके आणि कुत्र्याच्या नावातच 'स'.

"दात आले नि चणे गेले," मर्व्ह म्हणाला.

संध्याकाळी चहाच्या वेळी ती एकदम म्हणाली, "खालचं कुरण विकतेस का, असं डेस विचारत होता. गेली तीन वर्षं विचारतोय."

"मग?"

"मग काय? कुत्र्याला वळवता येत नाही अशा बाईने शहाऐंशी गाई पाळायच्या कशाला? घोडी गेल्यावर मी नवी घेतली नाही, कारण पडले तर उठायची नाही. तू फाटकापलीकडे जात नाहीस. राहिलं काय? ती शिट्टी."

मर्व्हने बिस्कीट चहात बुडवलं, ते मोडून आत पडलं आणि तो ते चमच्याने शोधत बसला. सांत्वन करणं त्याला कधी जमलं नाही.

"लग्न होऊ दे," ऊना म्हणाली. "मग डेसला हो म्हणून सांगते. स्पडही त्यालाच देईन. त्याला काम लागतं, बसून राहिला तर वेडा होईल."

स्पड दाराशी झोपला होता. नाव ऐकून त्याचा एक कान हलला, बस.

लग्नाला चार दिवस असताना, मंगळवारी, टेगन आत्याला झगा दाखवायला आली. लख्ख ऊन पडलं होतं. आकाशात ढगाचा ठिपका नाही. तेवढ्यात फोन वाजला. वरच्या पुलाशी राहणारी ग्वेंडा होती. आमच्या नदीकाठी रीतच आहे: पाणी चढायला लागलं की वरच्या घराने खालच्या घराला फोन करायचा, पुलावरच्या खांबाचा आकडा सांगायचा आणि खालच्याने तो मोठ्यांदा म्हणून दाखवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

"डोंगरात रात्रभर कोसळलाय, ऊना. साडेसहा मीटर, आणि तासाला अर्धा चढतोय."

"साडेसहा, तासाला अर्धा," ऊना म्हणाली. खालचं कुरण आठ मीटरला बुडतं. म्हणजे तीन तास. सगळ्या गाई, सगळी वासरं खालच्या कुरणात.

तिने डेसला आकडा सांगितला. तो म्हणाला, "मी आलो असतो ऊना, पण माझी स्वतःची दोनशे जनावरं खाली आहेत. आणि तुझ्या पाणथळीत माझी मोटरसायकल रुतेल." खरंच होतं ते.

खालच्या कुरणाची रचना अशी: मधोमध लांबुळकी पाणथळ, वरून हिरवीगार, आत कमरेएवढा चिखल. तिच्या अलीकडे टेकाड आणि फाटक. गुरं पलीकडे. पाणथळीला पूर्वेच्या टोकाने वळसा घातला की कोरड्या जमिनीवरून फाटकाशी येता येतं. एरवी ऊना फाटकात उभी राहून शिट्टीने स्पडला डावीउजवीकडे करत गुरांना त्या टोकावरून फिरवून आणी. ते काम चहा निवायच्या आत होई.

मर्व्हने गाडी टेकाडावर लावली. टेगन झगा तसाच मागच्या सीटवर टाकून बरोबर आली होती. ऊना तिच्या नेहमीच्या जागी, पण आज फाटकाच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि तिने स्पडला हाताने पाठवलं. तो पाणथळीला लांबून वळसा घालून बाणासारखा गेला आणि गुरांच्या पाठीमागे उगवला. कळप एकत्र झाला, चालू लागला. सरळ फाटकाच्या दिशेने. सरळ म्हणजे थेट पाणथळीत.

"डावीकडे!" ऊना ओरडली. "श्पड! डावी—" कवळी सटकली. तिने ती जिभेने परत बसवली. "फिरव त्यांना!"

स्पडला काही पोचलं नाही. त्याच्या लेखी हिशेब सोपा होता. मालकीण तिकडे, गुरं इकडे, मधली वाट जवळची. पुढची गाय चिखलात उतरली, तिच्यामागे तिचं वासरू. गाय धडपडून परत वर आली. वासरू पोटापर्यंत रुतलं आणि हंबरायला लागलं. बाकीच्या गाई काठावर थबकल्या, बुजल्या, माना हलवू लागल्या. आणखी थोडं रेटलं असतं तर सगळा कळप आत गेला असता.

"आत्या, सोडून दे," टेगन रडकुंडीला आली. "फाटक उघडं ठेवू, येतील त्या येतील."

"वासरं येत नसतात गं अशी!" ऊनाने कवळी काढली, शर्टाच्या खिशात कोंबली आणि तरातरा टेकाड उतरू लागली. कुत्र्याचा, डॉक्टरचा, लग्नाचा नि स्वतःचा, सगळ्यांचा एकदम राग आला होता तिला. तिच्या डोक्यात एकच: त्या वासराला हाताने ओढून काढायचं. ते रुतलं होतं पूर्वेच्या टोकाजवळ. ती पाणथळीच्या काठाकाठाने तिकडे चालू लागली.

आणि चालता चालता तिला दिसलं की स्पड हलतोय.

ती पूर्वेला सरकत होती, तर पलीकडे कळपामागे तो पश्चिमेला सरकत होता. ती थांबली. तो थांबला, खाली बसला. ती दोन पावलं मागे आली. तो दोन पावलं उलट गेला. मधे शहाऐंशी गाई आणि दोन टोकांना ही दोघं, जणू तराजूची पारडी.

मग तिने दात नसलेल्या तोंडाने असा काही शब्द उच्चारला की तो इथे लिहीत नाही.

पुढे काय करायचं ते स्वच्छ होतं, पण आजवर तिने तसं कधी केलं नव्हतं. वडिलांनी शिकवलेलं: गुरं मागून हाकायची, त्यांच्या पुढे चालायचं नाही. ती पूर्वेच्या टोकाला गेली. चिखलाच्या कडेशी गुडघ्यांवर बसून वासराचे पुढचे पाय धरले आणि मागे रेलून ओढलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ते फस्सकन सुटून तिच्या अंगावर आलं. ती उठली, चिखल पुसला नाही, टोक ओलांडून पलीकडच्या कोरड्या जमिनीवर जाऊन उभी राहिली. आता गुरं आणि ती यांच्या मधे पाणथळ नव्हती.

स्पडने पाहिलं. उठला. पश्चिमेकडून, मागून, हलके हलके त्याने कळप तिच्याकडे वळवला. पाणथळीकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाई एकेक करून फिरल्या. रुतलेल्या वासराची आई सगळ्यात आधी धावत आली.

गाई अगदी जवळ आल्यावर ऊनाने पाठ फिरवली आणि चालू लागली. पाठीमागे शहाऐंशी गाई, त्यांच्या खुरांचा आवाज, मानेवर त्यांचा उष्ण श्वास. मागे वळून बघावंसं वाटत होतं. पण तोंड फिरवलं तर पुढची गाय थबकेल, हे तिला ठाऊक होतं. ती चालत राहिली. टोक आलं, वळसा आला, टेकाडाची चढण आली. गमबुटांत पाणी शिरून प्रत्येक पावलाला बेडूक ओरडत होता. डावीकडे झाडांच्या बुंध्यांमधून नदीचं तपकिरी पाणी कुरणात शिरत होतं, गुपचूप, सापासारखं.

आणि फाटकात, अगदी मधोमध, मर्व्ह उभा. हात पसरून.

"शाब्बास ऊने! ये! ये!"

फाटकात माणूस उभा असेल तर जनावर फाटकात शिरत नाही. साठ वर्षं गुराढोरांत काढलेल्या माणसाला हे कळायला हवं. पण आमच्याकडे ही चूक दरवर्षी कुणीतरी करतंच, आणि नेहमी आनंदाच्या भरात. मागच्या पावलांचा आवाज मंदावला. गाई थांबत होत्या.

"फातकातून ओ बादूला!" ऊना ओरडली.

"काय?"

"बादूला! बादूला ओ, गादवा!"

"काय म्हणते ती?" मर्व्हने टेगनला विचारलं.

"गाढवा म्हणाली," टेगनने सांगितलं आणि बापाला दंडाला धरून खांबामागे ओढलं.

ऊना फाटकातून आत गेली, सरळ पुढे चालत राहिली. तिच्यामागून गाई आल्या, वासरं आली. टेगन खांबाआडून मोजत होती. चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी. सगळ्यात शेवटी ते चिखलाने माखलेलं वासरू, त्याची आई, आणि त्यांच्यामागे स्पड. पोटापर्यंत ओला, जीभ बाहेर, चेहरा असा की यात विशेष ते काय.

मर्व्हने फाटक लावलं. पाऊण तासाने खालचं कुरण दिसत नव्हतं, नुसतं तपकिरी पाणी आणि त्यात उभी झाडं.

ऊना गाडीच्या पायरीवर बसली. स्पड येऊन तिच्या बुटांवर हनुवटी टेकून पडला. तिने त्याचा कान धरून हलकेच पिळला.

"डेसला काय सांगू?" मर्व्हने विचारलं. "कुरणाचं नि कुत्र्याचं?"

ऊनाने स्पडचा कान सोडला नाही. मग तिला कशाची तरी आठवण झाली, म्हणून खिसा चाचपला. खिशात चिखल होता. बाकी काही नव्हतं.

लग्न शनिवारी झालं, पाणी ओसरलेल्या रस्त्यावरून गाड्या ढकलत. पाहुण्यांच्या निम्म्या बुटांना चिखल होता, त्यामुळे कुणी कुणाला हसलं नाही. फोटोवाल्याने सांगितलं, "सगळ्यांनी हसा!" ऊनाने तोंड घट्ट मिटून घेतलं.

"आत्या," टेगन कुजबुजली, "तू कबूल केलं होतंस."

तेव्हा ऊना हसली. वरची सगळी हिरडी दिसेल, अशी. तो फोटो टेगनच्या घरात समोरच्या भिंतीवर आहे. नवरीपेक्षा लोक आत्यालाच जास्त बघतात.

पुढच्या महिन्यात ऊना पुन्हा दातांच्या डॉक्टरकडे गेली. "पहिल्यासारखीच करून देतो," तो म्हणाला.

"पहिल्यासारखी नको. मधे फट ठेव. आगकाडी जाईल एवढी."

"बाई, लोक फट बुजवायला येतात माझ्याकडे!"

"ते त्यांचं बघतील. तू फट ठेव."

त्याने ठेवली. कवळी लावून ऊना टेकाडावर गेली, मर्व्ह मागोमाग. खालच्या कुरणात नवं गवत उगवलं होतं, गाई पसरल्या होत्या. स्पडला लांब पाठवल्यावर तिने दम घेतला आणि दोन तोकड्या शिट्ट्या घातल्या. नदीपलीकडे डेसच्या गाईंनी माना वर केल्या. स्पड डावीकडे गेला.

"झालं, आली वाचा परत," मर्व्ह म्हणाला.

"थांब जरा." ऊनाच्या मनात महिनाभर एक शंका घोळत होती. तिने पुन्हा त्याच दोन शिट्ट्या घातल्या, डावीकडच्या. पण घालता घालता स्वतः चार पावलं अशी सरकली की स्पडला उजवीकडे जावं लागावं.

स्पड उजवीकडे गेला.

तिने परत करून पाहिलं. परत तेच. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आठ वर्षं!" ती म्हणाली. "आठ वर्षं मी इथे फुफ्फुसं फाडतेय, आणि हा लबाड नुसता माझे पाय बघतोय! शिट्टी ऐकत होता ती बसायची तेवढी. मुळात त्याला बसायला आवडतं."

मर्व्ह हसायला लागला. उचकी लागली. ऊनालाही हसू आवरेना. पण हसून झाल्यावर तिने तोंड पुसलं, जीभ जागेवर लावली आणि पुन्हा एक शिट्टी घातली. लांब, चढती, कामाशी काही संबंध नसलेली.

"आता ही कशाला?" मर्व्हने विचारलं.

"डेसच्या गाईंसाठी," ऊना म्हणाली. "त्या तरी ऐकतात."